खर्ज आणि धमक

‘षड्ज’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘खर्ज’ झाले आणि पुढे त्याला खालच्या सप्तकातील षड्ज, म्हणजे आवाजाचा तळ, असा अर्थ चिकटला. एखाद्याचा आवाज खर्जातला आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्यात आदर असतो. आज कानात घालावयाची जी यंत्रे बाजारात मिळतात त्यांच्या खोक्यांवरही या तळाचीच जाहिरात असते, फक्त तेथे शब्द ‘बास’ असा असतो. सोनीसारख्या जुन्या जपानी कंपनीने ‘एक्स्ट्रा बास’ नावाची मालिका काढली. ‘बोट’ या भारतीय कंपनीने आपल्या इअरफोनना ‘बासहेड्स’ हेच नाव दिले. अमेरिकेत डॉ. ड्रे या रॅप संगीतकाराने प्रवर्तित केलेले ‘बीट्स’ हेडफोन २००८ मध्ये विक्रीस आले आणि २०१४ मध्ये ॲपल कंपनीने तो सारा व्यवसाय ३ अब्ज डॉलरना विकत घेतला. बास चांगला विकला जातो, हे उघड आहे. पण ज्याला आपण खर्ज म्हणतो तो आणि हा बास एकच आहे काय? माझ्या मते नाही, आणि हा भेद न ओळखल्यामुळे आपण बरेच काही गमावीत आहोत.

हा विषय माझ्यापुढे आला तो घरातल्या एका कॅसेटमुळे. १९८६ च्या सुमारास माझ्या आईचा आवाज आम्ही साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवला होता. होळकरांच्या चाकरीसाठी आमचे घराणे साताऱ्याकडून इंदुरास कसे आले, ही तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली हकीकत तिने तीत सांगितली आहे आणि मधूनमधून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आहेत. दहावीत शिकणाऱ्या नातवाने ती कॅसेट संगणकावर उतरविली आणि नव्या इअरफोनवर ऐकावयास घेतली. ते इअरफोन त्याच्या वाढदिवसाला मीच घेऊन दिले होते. “सर, इसका बास देखिए,” असे म्हणत दुकानदाराने ते माझ्या कानाला लावले होते आणि मीही प्रभावित झालो होतो. थोड्या वेळाने नातू म्हणाला, “आजोबा, पणजीचा आवाज येतो, पण ती काय म्हणते ते कळत नाही. सगळं घुमतंय.”

मी स्वतः ऐकून पाहिले. आईच्या शब्दांखाली पिठाची गिरणी चालू असावी तशी अखंड घरघर होती. कॅसेटवरची ही घरघर विजेची होती. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो, आणि तो ५० हर्ट्झचा व त्याच्या दुपटीचा गुणगुणाट जुन्या यंत्रांच्या मुद्रणात हमखास उतरे. जुन्या टेपरेकॉर्डरच्या लहानशा स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नसल्यामुळे तो आजवर आम्हांला कधी जाणवला नव्हता. नव्या इअरफोनने नेमका तोच उचलून धरला. मग एका जुन्या मोबाइलबरोबर आलेले साधे, तारेचे इअरफोन खणातून शोधून काढले. त्यांवर घरघर मागे सरली आणि आईचे शब्द पुढे आले.

तेव्हापासून काही महिने मी घरातला ध्वनिमुद्रणांचा संग्रह या दोन्ही इअरफोनवर आलटूनपालटून ऐकला. पुढील विवेचन त्या ऐकण्यावर आधारलेले आहे.

आरंभ तंबोऱ्यापासून करणे योग्य, कारण आपल्या संगीतात खर्ज म्हणजे काय हे तंबोऱ्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागलेली असते. पण ती तार छेडल्यावर आपल्याला केवळ ६९ हर्ट्झचा स्वर ऐकू येत नाही. तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपस्वरांची माळ उमटते आणि पाचव्या पटीला, सुमारे ३४७ हर्ट्झवर, गांधार ऐकू येतो. यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा याचसाठी असतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर निघू नये असा सर्वमान्य नियम होता, तेथे छेडूनही वीणा-तंबोऱ्यातून तो उपस्वर स्पष्ट निघतो, असे त्यांना आढळले. तंबोऱ्याच्या खर्जाची थोरवी या उपस्वरांत आहे. त्याच्या पोटातून गांधार जन्मतो. तंबोरा लागला की नाही, हे जाणकार ओळखतात ते या गांधारावरून.

आता हाच तंबोरा बास वाढविलेल्या इअरफोनवर ऐकावा. अशा यंत्रांत खालचा पट्टा मधल्या पट्ट्यापेक्षा १० डेसिबलने, कधी त्याहूनही अधिक, उचललेला असतो. १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा. त्यामुळे ६९ हर्ट्झचा मूळ स्वर फुगतो आणि गांधार जागच्या जागी राहतो. एवढ्यावरच भागले असते तरी चालले असते. परंतु आपल्या कानाचा एक धर्म असा, की खालचा मोठा आवाज त्याच्यापेक्षा वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, वरचा आवाज मात्र खालच्याला तितका झाकू शकत नाही. ध्वनिशास्त्रात ही गोष्ट शंभर वर्षांपासून परिचित आहे. अंतःकर्णातील पडद्यावर खालच्या स्वरांची लाट वरच्या स्वरांच्या जागेवरून पुढे जाते, तेव्हा ती मोठी असेल तर वाटेतल्या सर्वांना हलवून सोडते. म्हणून बास वाढविला की केवळ खालचा आवाज मोठा होत नाही. वरचे नाजूक काम दिसेनासे होते. तंबोऱ्याचा नुसता ‘हूं’ उरतो. ज्याच्या पोटात गांधार नाही त्याला खर्ज कसे म्हणावे? त्याला मी ‘धमक’ म्हणतो.

यावर एक आक्षेप सहज संभवतो: ज्यांचे गाणेच मंद्र सप्तकात रमणारे आहे त्यांना तरी या यंत्राचा लाभ व्हावा. म्हणून मी मुद्दाम आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची मारवा आणि दरबारीची लाँगप्ले निवडली. दरबारीचा आलाप सुरू होताच प्रथम वाटते, की खाँसाहेब अधिक भारदस्त झाले. पाच-दहा मिनिटांत मात्र खटकू लागते. यंत्राचा फुगवटा सर्व मंद्र स्वरांवर सारखा नसतो. गळा खाली उतरत असता जो स्वर त्या फुगवट्यात सापडतो तो गरजतो आणि त्याच्या शेजारचा सामान्य राहतो. गायकाने जेथे जोर दिलेला नाही तेथे यंत्र जोर देते. दरबारीचा कोमल गांधार आंदोलित आहे; तो एका जागी उभा न राहता अलगद झुलतो. त्या झुलण्याचा सूक्ष्म माग आपल्याला उपस्वरांवरून लागतो. ते झाकले गेले, की आंदोलन सपाट होते आणि दरबारीचे गांभीर्य जाऊन जडपणा येतो. साध्या इअरफोनवर खाँसाहेबांचा आवाज काहीसा बारीक वाटला, परंतु त्यांचा प्रत्येक स्वर त्यांनी ठेवला तेथेच होता.

पंडित कुमार गंधर्वांचे उदाहरण याहून वेगळे आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले आणि १९९२ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. सीमाभागातील आणि माळव्यातील वाचकांना ते सारखेच आपले वाटतात. तंबोरे जुळविण्याबाबतचा त्यांचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. त्यांच्या निर्गुणी भजनांत एखादा स्वर झटक्यात टाकून ते थांबतात आणि त्या थांबण्यात तंबोऱ्यांचा आस भरून राहतो. ती पोकळी हा त्या गाण्याचा अर्धा अर्थ आहे. बास वाढविलेल्या इअरफोनवर त्या पोकळीत डग्ग्याचा घुमारा लोंबकळत राहतो. पुढचा स्वर येतो तो शांततेतून न येता गोंगाटातून येतो. येथे काही स्वर झाकले गेले, एवढीच हानी नाही. येथे मौन झाकले गेले.

लतादीदींचा जन्म १९२९ चा, इंदूरचाच. त्यांच्या जुन्या चित्रपटगीतांत आवाज आणि वाद्यमेळ यांचा तोल ध्वनिमुद्रकाने एकदाच, एकाच पट्टीवर साधलेला असतो. आमच्या या इअरफोनने ढोलक पुढच्या दालनात आणून बसविली आणि गायिकेला शेजारच्या खोलीत पाठविले.

या सर्वांवरून कोणी म्हणेल, की आजोबांना बास आवडत नाही, एवढेच. तसे नाही. आणि म्हणूनच दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे ठरेल. जमैकातील रेगे, अमेरिकेतील हिपहॉप, १९८० साली निघालेल्या रोलँड टीआर-८०८ या तालयंत्रापासून पुढचे नृत्यसंगीत, यांची रचनाच खालच्या आवाजावर उभी आहे. ते ऐकणाऱ्याने बास मागितला तर तो त्या संगीताचा धर्म आहे. दुसरे असे, की हळू आवाजात ऐकताना आपल्या कानाला खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखविले. जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे ते त्यासाठीच. तिसरे, रस्त्यावरचा आणि बसमधला गोंगाट बहुतांशी खालच्या पट्टीचा असतो आणि तो संगीतातील खालचे स्वर खाऊन टाकतो. तेव्हा थोडा बास वाढविणे यात अपराध काहीच नाही. हरमन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. बहुसंख्य श्रोत्यांनी पसंत केला तो बास किंचित उचललेला पण एकंदरीत समतोल असा आवाज. आजच्या तरुण पिढीचे कान बिघडलेले आहेत, असा सरसकट निर्णय देणाऱ्या माझ्या पिढीने हे ध्यानात घ्यावे. मुलांना समतोल आवाज आवडत नाही असे नसून त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

मग अतिरेक येतो कोठून? तो येतो दुकानातून. दुकानात ग्राहक इअरफोन अर्धा मिनिट लावतो. अर्ध्या मिनिटात तोल कळत नाही, धमक कळते. मिठाईच्या दुकानात चमचाभर चव घेताना जे अधिक गोड तेच अधिक चांगले वाटते, तसेच हे. मी स्वतः त्या अर्ध्या मिनिटाला फसलो, हे वर सांगितलेच आहे. शिवाय स्वस्त यंत्रात बारीक, स्वच्छ वरचा आवाज काढणे कठीण असते आणि खालचा फुगवणे त्या मानाने सोपे असते. जे सोपे ते गुण म्हणून खोक्यावर छापले जाते.

बासवाचून आवाजाला भरीवपणा नाही, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ १९२२ मध्ये वारले. विद्युत-ध्वनिमुद्रणास आरंभ झाला १९२५ मध्ये. त्यांच्या तबकड्या त्यापूर्वीच्या, भोंग्यापुढे तोंड करून गायलेल्या आहेत. त्या पद्धतीत खालचे स्वर जवळजवळ उमटतच नसत. तरीही त्या खरखरीतून त्यांच्या आवाजाचा सुरेलपणा आजही जाणत्याला हलवतो. याहून घरगुती दाखला टेलिफोनचा. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १००–१५० हर्ट्झचा, म्हणजे तो तारेतून येतच नसे. तरीही ‘हॅलो’ म्हणताच आपण वडिलांना ओळखत होतो आणि त्यांचा आवाज आपल्याला बायकी वाटत नव्हता. उपस्वर नीट पोचले, की मूळ स्वर मन स्वतः भरून काढते. उलट मात्र घडत नाही. झाकले गेलेले उपस्वर मन निर्माण करू शकत नाही.

येथे हा विषय संगीताकडून भाषेकडे वळतो आणि आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना तो अधिक जवळून लागतो. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतो. परंतु स, श, च, ज, त, थ अशा व्यंजनांची ओळख २००० हर्ट्झच्या वर, पुष्कळदा त्याच्याही बरीच वर असते. मराठीत ‘जग’ असे एकाच प्रकारे लिहून आपण दोन शब्द वाचतो. एक तालव्य ज चा, म्हणजे दुनिया. दुसरा दंततालव्य ज चा, म्हणजे ‘जगत राहा’. लेखनात हा भेद दिसत नाही. तो फक्त कानाने कळतो आणि कानाने कळतो तो वरच्या पट्ट्यातील सूक्ष्म फरकाने. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या कानावर दिवसभर पहिलाच ज पडतो. दुसरा पडतो तो घरात, आणि घरातली वडीलधारी माणसे गेल्यावर त्यांच्या मुद्रित आवाजात. कॅसेटच्या अखेरीस आई आशीर्वाद देताना म्हणते, “खूप जग, बाळा.” पहिल्या खेपेस घुमणाऱ्या आवाजात नातवाला वाटले, पणजी दुनियेबद्दल काही सांगते आहे. साध्या इअरफोनवर त्याने ते पुन्हा ऐकले आणि स्वतःच दोनदा म्हणून पाहिले. त्या दिवशी आमच्या घरात एक अक्षर वाचले, असे मी समजतो.

आरोग्याची बाजूही सांगणे आवश्यक आहे. बासमुळे शब्द बुडाले, की ऐकणारा आवाज वाढवतो. त्याने शब्द थोडे वर येतात, पण त्यांच्याबरोबर सारेच वाढते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचा ४० तास, ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. आणि मोठ्या आवाजाने होणारी इजा प्रथम दिसते ती साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जेथे व्यंजनांची वस्ती आहे तेथेच. धमक ऐकण्याच्या नादात माणूस व्यंजने आधी झाकतो आणि पुढे कायमची गमावतो. आम्हां साठी ओलांडलेल्यांची वरची पट्टी वयाने आधीच झिजलेली असते. ‘मुले पुटपुटतात’ अशी आमची तक्रार असते, ती पुष्कळदा त्या झिजेची तक्रार असते. तेव्हा आम्हांला तर अशी यंत्रे दुप्पट वर्ज्य.

उपाय खर्चाचे नाहीत. दुकानात जाताना आपल्या मोबाइलमध्ये दोन गोष्टी न्याव्यात: चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याचे मुद्रण आणि घरातील कोणाचे तरी स्पष्ट बोलणे. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू आला आणि बोलण्यातील प्रत्येक स व श वेगळा कळला, तर ते यंत्र घ्यावे. दुकानदार ज्या नृत्यगीतावर यंत्र दाखवितो त्यावर निर्णय करू नये. घरात बास वाढविलेले इअरफोन आधीच असतील तर बहुतेक मोबाइलमध्ये आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करण्याची सोय असते. तेथे २५० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्या थोड्या थोड्या उतरवून पाहाव्यात. पहिले दोन दिवस आवाज पातळ वाटेल. तिखटाची सवय झालेल्या जिभेलाही साधे वरण दोन दिवस फिकेच लागते. आपल्या भाषेत ‘बास’ याचा एक अर्थ ‘पुरे’ असाही आहे, आणि कारखानदारांनी ही मराठी थोडी शिकावयास हरकत नाही.

समीक्षेत आपण ग्रंथाची भाषा तपासतो, आशय तपासतो. ग्रंथ ज्या काचेतून वाचला ती काच तपासण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही, कारण चष्म्याची काच रंगीत असेल तर ते लगेच कळते. कानाची काच रंगीत झाली तर ते कळत नाही. सारे गाणेच तसे आहे असे वाटू लागते. दरबारी जड आहे, कुमारजींच्या गाण्यात गोंगाट आहे, पणजी अस्पष्ट बोलते, असे मत मग नकळत बनते आणि पुढच्या पिढीला तेच खरे वाटते. म्हणून हे लिहिले. आईची ती कॅसेट आता साध्या इअरफोनबरोबर एकाच डबीत ठेवली आहे. डबीवर नातवाने आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटविली आहे: ‘पणजीसाठी हेच वापरावे.’